थर हरवलेला दगड

शंकेखोर : पुण्यातल्या बिबवेवाडीत इमारतीचा पाया खणायला घेतला की आधी मुरूम लागतो आणि मग काळा दगड. हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि खाली शेकडो मीटर तोच आहे. त्यात समुद्र नाही, चुनखडक नाही, शंख-शिंपले नाहीत. ज्युरासिक काळातले ॲमोनाइट पाहायचे तर कच्छ गाठावं, नाहीतर जैसलमेर, नाहीतर स्पितीचं खोरं. मग इथे बसून त्यांच्यावर बोलण्यात हौसेपलीकडे काय आहे? आणि माझी शंका नुसती अंतराची नाही. सोळा कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र, त्यात गुंडाळलेलं कवच घेऊन पोहणारा प्राणी, तो मेला, तळाशी गेला, चुनखडीत गाडला गेला, हे सगळं तुम्ही मंडळी अशा खात्रीनं सांगता की ऐकणाऱ्यानं फक्त मान डोलवायची. खात्री येते कुठून हे कुणी सांगत नाही. दगडाचं वय विचारलं तर उत्तर मिळतं, त्यात अमुक ॲमोनाइट आहे म्हणून तो ज्युरासिक. ॲमोनाइटचं वय विचारलं तर, तो ज्युरासिक दगडात सापडला म्हणून. दोन आरोपींनी कोर्टात एकमेकांना जामीन राहावं, तसला हा प्रकार आहे.

हौशी : अंतराचं आधी बघू. बिबवेवाडीतल्या जुन्या सोसायट्यांत जिन्याला, गच्चीला शहाबादी फरशी दिसते. ती चुनखडकच आहे, गुलबर्ग्याकडच्या भीमेच्या खोऱ्यातली. तिच्यात ॲमोनाइट कितीही शोधला तरी मिळणार नाही, कारण ते थर साचले तेव्हा कवचाचे प्राणी जन्मालाच आले नव्हते. कोटा फरशीचंही तेच. जैसलमेरची पिवळी फरशी मात्र खरोखर ज्युरासिक. तिकडच्या कुलधरच्या थरांत ॲमोनाइट निघतात. आणि देव्हाऱ्यातला शाळिग्राम? तो गंडकीच्या पात्रातला गोटा. भारताच्या उत्तर काठावर जो समुद्र होता त्याच्या तळाच्या काळ्या चिखलात तो घट्ट झाला, पुढे हिमालयाबरोबर वर आला, आणि त्याच्यातलं चक्र म्हणजे ॲमोनाइटच्या कवचाचा ठसा. म्हणजे बघा, आपल्या पायाखाली चुनखडक आहे पण त्यात ॲमोनाइट नाही, आणि देव्हाऱ्यात ॲमोनाइट आहे पण त्याचा थर कुठला ते ठाऊक नाही. थर आणि जीवाश्म यांची फारकत झाली की काय उरतं, हा प्रश्न कच्छपेक्षा बिबवेवाडीतच नीट विचारता येतो.

आता जामिनाचं. ही चक्राकार गोष्ट खरी ठरली असती, जर थरांचा क्रम जीवाश्मांवरून लावला असता. तसं झालेलं नाही. इंग्लंडात विल्यम स्मिथ कालव्यांसाठी मोजणी करायचा. खोदकामात त्याला दिसलं की खालच्या थरातले शंख वरच्या थरात येत नाहीत, आणि हा क्रम मैलोन्‌मैल बदलत नाही. त्यावर त्यानं १८१५ साली अख्ख्या प्रदेशाचा भूशास्त्रीय नकाशा छापला. डार्विनचा ग्रंथ आला १८५९ मध्ये. म्हणजे स्मिथला उत्क्रांती माहीत नव्हती, वर्षांचे आकडेही माहीत नव्हते. त्याला माहीत होतं फक्त वर काय आणि खाली काय. पुढे अल्बर्ट ओपेलनं १८५६ ते १८५८ या काळात ज्युरासिकचे बारीक टप्पे पाडले, त्यांतल्या बहुतेकांना एकेका ॲमोनाइटचं नाव दिलं. आज वायव्य युरोपात असे सत्तरहून अधिक टप्पे मानतात. ज्युरासिक काळ साधारण साडेपाच कोटी वर्षांचा, तेव्हा एकेक टप्पा सरासरीनं दहा लाख वर्षांच्या आतला पडतो. आणि वर्षांचे आकडे आले ते जीवाश्मांतून नव्हेच. पेरू देशातल्या पुकारा थरांत ॲमोनाइटांच्या मधेमधे ज्वालामुखीची राख पडलेली आहे. त्या राखेतल्या झिरकॉन खनिजात युरेनियमचं शिसं किती झालं हे मोजून ज्युरासिकची सुरुवात सुमारे २०.१ कोटी वर्षांपूर्वी ठरवली. क्रम एका पुराव्यावर उभा आहे, आकडा दुसऱ्या. जामीन तिसराच आहे.

शंकेखोर : क्रमाचं मान्य करतो. पण तुम्ही इंग्लंडचा क्रम उचलून कच्छवर ठेवता, तिथे माझा पाय अडतो. एका खाणीत खालचं-वरचं डोळ्यांना दिसतं. दोन खंडांमध्ये ते कोण पाहणार? १८७०च्या दशकात वागेननं कच्छच्या ॲमोनाइटांचं वर्णन केलं ते युरोपातली नावं हाताशी धरूनच. आणि कच्छचा समुद्र त्या वेळी मादागास्करला लागून होता. तिथले कितीतरी ॲमोनाइट कच्छ आणि मादागास्कर याच पट्ट्यातले, युरोपात न दिसणारे. मायाइटिस घ्या. युरोपच्या फुटपट्टीवर त्याला बसवायचं ते ओढूनताणूनच. शिवाय जाती कोण ठरवतं? स्पाथनं १९२७ ते १९३३ मध्ये कच्छच्या ॲमोनाइटांवर ग्रंथ लिहिले आणि जातींची अशी काही खैरात केली की जरा कड वेगळी दिसली की नवं नाव. पुढे १९६०च्या सुमारास माकोव्स्की आणि कॅलोमन यांनी दाखवलं की मोठं कवच आणि लहान कवच म्हणून ज्या दोन वेगळ्या जाती मानल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी एकाच जातीच्या माद्या आणि नर होत्या. ज्या घड्याळाचे काटे मोजणाऱ्याच्या मर्जीनं कमी-जास्त होतात, त्यावर मी लाख वर्षांचा हिशोब कसा मानू?

हौशी : स्पाथविषयी तुम्ही बोललात त्यात मला फारसं खोडण्यासारखं दिसत नाही. पण नर-मादीची दुरुस्ती झाल्यानं क्रम मोडला का? नाही. एका टप्प्यात दोन नावं होती, ती एका जातीची ठरली. टप्पा जिथे होता तिथेच राहिला. नावं माणसाची असतात, थर नसतो. मादागास्करचा मुद्दा जास्त वजनाचा आहे. तरी कच्छमध्ये सगळेच ॲमोनाइट काही घरकोंबडे नव्हते. मॅक्रोसेफालाइटिससारखे काही दोन्हीकडे सापडतात, आणि तेच पुलाचं काम करतात. एक गोष्ट त्यांच्या बाजूची अशी की ॲमोनाइट मेल्यावर त्याचं कवच, आतल्या हवेच्या कप्प्यांमुळे, काही काळ तरंगत जाऊ शकतं. ॲमोनाइटच्या आजच्या नातलगाची, नॉटिलसची, रिकामी कवचंही हिंदी महासागरात वाहत दूरवर जातात. प्राणी कुठे राहत होता हे शोधणाऱ्याला हा मोठाच त्रास, कारण कवच जिथे गाडलं गेलं तिथे तो जगला असेलच असं नाही. पण काळ शोधणाऱ्याच्या हे पथ्यावर पडतं : एकच जात लवकर आणि लांबवर पसरते.

उलट मीच एक अडचण तुमच्या हातात देतो, कारण ती तुमच्या अडचणीपेक्षा मोठी आहे. कच्छमध्ये धोसा ऊलाइट नावाचा चुनखडकाचा थर आहे. बारीक गोल दाण्यांचा, लोहानं तांबूस झालेला, आणि ॲमोनाइटांनी भरलेला. भूजच्या आसपासच्या टेकड्यांमधून तो दूरवर ओळखू येतो, म्हणून नकाशा काढणाऱ्याला फार सोयीचा. जीवाश्म गोळा करणाऱ्याला तर स्वर्गच. पण तो इतका श्रीमंत का आहे? कारण त्या काळात तिथे गाळच फारसा साचत नव्हता. समुद्राचं पाणी वर चढलेलं, किनारा लांब गेलेला, नद्यांची माती पोचत नाही. कवचं पडत राहिली आणि त्यांना झाकायला कुणी नाही. वादळांनी ती उकरली, घासली, पुन्हा पुरली. त्या थराच्या माथ्यावरच्या गोट्यांच्या पट्टीत लाखो वर्षं वेगवेगळ्या असलेले ॲमोनाइट शेजारी-शेजारी पडलेले आहेत. हातोडी मारून तुम्ही दोन कवचं एका ढेकळातून काढाल, आणि त्यांची गाठ जिवंतपणी कधीच पडलेली नसेल. जिथे ॲमोनाइट उदंड, तिथेच थराची साक्ष सर्वांत गढूळ. कच्छचे जाडजूड शेलचे, म्हणजे घट्ट झालेल्या चिखलाचे, थर दिसायला कंटाळवाणे, त्यांत एखाददुसरा ॲमोनाइट. पण क्रम विचारायचा तो त्यांना.

शंकेखोर : हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत म्हणून मला आता तुमच्यावर थोडा जास्त विश्वास बसतो, पण तुमच्या शास्त्रावर थोडा कमी. कारण मग प्रत्येक थराबद्दल विचारावं लागेल : हा थर सरळ साक्षीदार आहे की सरमिसळ केलेला? ते ओळखणार कसं?

हौशी : कवचात काय भरलंय ते पाहून. ॲमोनाइटचं कवच ॲरागोनाइट या खनिजाचं, आणि ॲरागोनाइट चुनखडकात टिकाव धरत नाही, बहुधा विरघळून जातं. उरतो तो आतला भराव, कवचाच्या पोकळीत शिरून घट्ट झालेला गाळ. आता भराव एका प्रकारचा आणि भोवतालचा दगड दुसऱ्या प्रकारचा असेल, तर समजायचं की कवच आधी दुसऱ्या गाळात पुरलं गेलं होतं, तिथून सुटलं आणि इथे आलं. भरावावर शिंपल्यांनी किंवा किड्यांनी पाडलेली भोकं असतील, तर तो दगड झाल्यावर समुद्राच्या तळावर उघडा पडून होता. भराव आणि भोवतालचा दगड एकजीव असेल, तर संशय कमी. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत, म्हणजे १९४६ साली महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी म्हणून सुरू झालेल्या संस्थेत, कच्छच्या जीवाश्मांवर काम झालं आहे. त्या कामातला मोठा वाटा हा असाच असतो. सुंदर नमुना गोळा करण्याइतकाच, तो कुठल्या पट्टीतून, कुठल्या बाजूनं वर, कशात रुतलेला काढला याची नोंद करण्याचा.

शंकेखोर : मग शाळिग्रामाला तुमच्या लेखी काही किंमतच नाही! त्याची नोंद कुठे आहे? तो नदीनं उचललेला, गोल घासलेला, मुक्तिनाथच्या वाटेवर विकला गेलेला. कोणत्या कड्यातून, कुठल्या थरातून सुटला, कोण सांगणार? आणि तरीही पुजणाऱ्याला त्याचं काहीच अडत नाही. परंपरा तर सांगते की त्याची प्राणप्रतिष्ठासुद्धा करावी लागत नाही. पंचायतनात बाणलिंग नर्मदेचं, शाळिग्राम गंडकीचा, तांबडा गणपती शोणेचा. नदीचं नाव पुरे. त्याच्या चक्राला वज्रकीटकानं कोरलं म्हणा की ॲमोनाइटनं सोडलं म्हणा, कार्तिकात तुळशीचं लग्न लागायचं ते लागतंच. तुम्ही त्याला ॲमोनाइट म्हणता तेव्हा त्या घराला नेमकं काय देता?

हौशी : पूजेला मी काही देत नाही आणि तिच्यातून काही काढूनही घेत नाही, त्या दोन हिशोबांची वजाबाकी करण्याचा आग्रह मला दोन्ही बाजूंनी उथळ वाटतो. पण शाळिग्रामाला किंमत नाही असं मात्र नाही. नेपाळच्या वरच्या खोऱ्यात आणि आपल्याकडे स्पितीत त्याच काळ्या शेलचे थर जागेवर उभे आहेत. तिथे कुठला ॲमोनाइट कुठल्या पातळीवर येतो हे लिहून ठेवलेलं आहे. ओपेलनंच पुढे हिमालयातून गेलेल्या ॲमोनाइटांचं वर्णन केलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऊलिगनं स्पितीच्या ॲमोनाइटांवर मोठा ग्रंथ केला. तेव्हा एखाद्या शाळिग्रामात ब्लॅनफोर्डिसेरासची कड ओळखू आली, तर त्याचं वय ज्युरासिकच्या अखेरीला नेता येतं. पण नीट पाहा, हे वय त्या दगडातून निघालं नाही. ज्यानं थराजवळ उभं राहून टाचण केलं त्याच्याकडून ते उसनं घेतलं. म्हणून मला शाळिग्रामापेक्षा बाजाराची जास्त काळजी वाटते. मादागास्करचे कापून, चकचकीत घासून विकलेले ॲमोनाइट आज सगळ्या जगात दिवाणखान्यांत पोचले आहेत. ते खरे असतात, आणि थराच्या दृष्टीनं मुके. कच्छमधला कोणी गुराखी पोतं भरून विकतो त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण उसनं द्यायला थरच उरला नाही तर पुढे कुणी वय सांगू शकणार नाही. आपल्याकडे भूवारसा स्थळांसाठी कायद्याचा मसुदा २०२२ साली पुढे आला होता. मसुद्यानं टेकडी वाचत नाही हे वेगळं सांगायला नको.

शंकेखोर : ठीक. पण तुम्ही अजून बिबवेवाडीच्या दगडापाशी आला नाहीत. तुम्ही पुढे काय म्हणणार हे मला माहीत आहे. म्हणणार की हा काळा दगड ओतला गेला तेव्हाच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, ॲमोनाइट जगातून संपले. म्हणजे आपण त्यांच्या मारेकऱ्यावर घरं बांधून राहतो. वर दाखला द्याल कच्छचा, की तिथे खाली ॲमोनाइटचे थर आणि वर आपलाच दख्खनचा लाव्हा, एकाच जिल्ह्यात. हे चित्र देखणं आहे, म्हणूनच मला ते खटकतं. कच्छचे ज्युरासिक ॲमोनाइट आणि तो लाव्हा यांच्यामध्ये कितीतरी कोटी वर्षं गेली. मधल्या थरांत ऊकराच्या टेकड्यांमध्ये ज्युरासिकनंतरच्या क्रेटेशियसचे थोडे ॲमोनाइट येतात खरे, पण भूजचे वालुकाश्म बहुतांशी नदीचे. समुद्र लाव्हा येण्याच्या कितीतरी आधीच निघून गेला होता. लाव्हानं तिथे एकही ॲमोनाइट जिवंत गाठला नाही. एकावर एक असणं म्हणजे एकामुळे एक असणं नव्हे. तुमचाच थरांचा नियम तुमच्यावर उलटतो.

हौशी : कच्छपुरतं मान्य, आणि पूर्ण मान्य. ते चित्र मी टाकून देतो. पण मारेकऱ्याचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. उल्का आदळली, जगभर त्या विनाशाच्या पातळीवर इरिडियमचा थर सापडतो, हे १९८० साली अल्वारेझ पितापुत्रांनी मांडलं, पुढे ती मेक्सिकोत चिक्शुलुबला आदळल्याचं ठरलं, आणि आज त्याला फारसं कुणी हरकत घेत नाही. दख्खनचा लाव्हा आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. त्यातून निघालेला गंधक आणि कार्बन डायऑक्साइड हवेत आणि समुद्रात गेला. प्रश्न एवढाच की कधी, आणि किती वेगानं. २०१९ साली एकाच नियतकालिकात दोन निबंध आले. शोएन आणि सहकाऱ्यांनी लाव्हाच्या दोन थरांमध्ये असतो तो तांबडा पट्टा, घाटात रस्ता कापलेला असतो तिथे आपण तो सर्रास पाहतो, त्यातले झिरकॉन मोजले आणि सांगितलं की लाव्हा झटक्या-झटक्यांनी आला. त्यातला एक मोठा झटका विनाशाच्या, दहा हजारांत मोजावीत इतकी वर्षं, आधी सुरू झाला. स्प्रेन आणि सहकाऱ्यांनी लाव्हातलंच खनिज घेऊन आरगॉनच्या पद्धतीनं मोजलं. त्यांना लाव्हा बराचसा सलग दिसला, आणि त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग विनाशानंतरचा. दोन्ही गटांचे नमुने सह्याद्रीतलेच. दोन्ही कामं चोख. आणि लाव्हाला आरोपी करायचं की नाही, हे या दोन कालपत्रकांतून कुठलं खरं धरता त्यावर ठरतं.

शंकेखोर : हे तर माझ्याच बाजूनं झालं. स्प्रेन बरोबर असेल तर बहुतेक लाव्हा गुन्ह्यानंतर घटनास्थळी आला. सुटला.

हौशी : इतक्यात नाही. नॉटिलसचे पूर्वज वाचले आणि ॲमोनाइट गेले, याचं एक पटणारं कारण त्यांच्या पिल्लांत आहे. नॉटिलसचं अंडं मोठं, पिल्लू मोठं. ॲमोनाइटचं पिल्लू मिलिमीटरभराचं, समुद्राच्या वरच्या पाण्यात प्लवकांबरोबर वाढणारं. वरचं पाणी बिघडलं, आम्ल झालं, प्लवक मेले, की पहिली गदा त्याच्यावर. उल्केनं हे एका फटक्यात केलं असेल. पण डेन्मार्कमध्ये स्टेव्हन्स क्लिंटच्या कड्यात विनाशाच्या पातळीच्या वर जो चुनखडक आहे, त्यात थोडे ॲमोनाइट सापडले आहेत. स्कॅफाइटिसच्या कुळातले, बॅक्युलाइटिसच्या कुळातले. ते खरोखर उल्केनंतर जगलेले असतील, तर शेवटचा घाव उल्केचा नव्हता. आणि मग उल्केनंतर ओतलेला तुमचा तीन-चतुर्थांश लाव्हा सुटत नाही, उलट जास्त अडकतो.

शंकेखोर : असतील तर! धोसाची गोष्ट तुम्हीच सांगितलीत. खालच्या जुन्या खडूच्या थरातून सुटलेली मेलेली कवचं वरच्या चुनखडकात येऊन बसली नसतील कशावरून?

हौशी : तोच पहिला आक्षेप घेतला गेला. ज्यांनी तो तपासला त्यांनी भराव पाहिला, आणि तो भोवतालच्या वरच्या चुनखडकाचाच निघाला, खालच्या खडूचा नाही. म्हणून ते वाचलेले होते असं म्हणतात. नमुने थोडेच आहेत, हे मी लपवत नाही.

शंकेखोर : भराव मी मानतो, कारण तो पडताळता येतो. पण किती वर्षं वाचले? हजार? पन्नास हजार? लाव्हाशी गाठ घालायची तर तेवढंच महत्त्वाचं आहे. चुनखडक वर्षं सांगत नाही, हे तर आपलं आधीच ठरलं.

हौशी : तिथली वर्षं गाळ साचण्याच्या वेगावरून काढलेली, म्हणजे अंदाजाची. चुनखडकात क्रम आहे आणि ॲमोनाइट आहेत. आपल्या लाव्हात वर्षं आहेत आणि ॲमोनाइट नाहीत. दोन्हींना जोडायला आज हाताशी आहे ती पृथ्वीच्या चुंबकत्वाची एक उलटी पाळी. विनाशाची पातळी तिच्यात येते आणि सह्याद्रीतला बराचसा लाव्हाही तिच्यातच येतो. पण ही पाळी काही लाख वर्षं लांब आहे. तिच्या आत ॲमोनाइटचा शेवट आणि लाव्हाचा अमुक एक झटका यांत आधी कोण, हे सांगायचं तर दोन्हीकडची मोजणी काही हजार वर्षांपर्यंत आणावी लागेल. लाव्हाच्या बाजूला ते शक्य दिसतं. तांबड्या पट्ट्यांत अजून पुष्कळ झिरकॉन न मोजलेले पडले आहेत.

शंकेखोर : आणि चुनखडकाच्या बाजूला?

हौशी : तिथे मला मार्ग दिसत नाही. निदान त्या कड्यात तरी.